चकतीवरची काळी रेघ

सुपातली तुरीची डाळ अर्धी निवडून झाली होती, अर्धी तशीच होती, तेवढ्यात शेडमधला आवाज बदलला. एरवी तो आवाज एका सुरात असतो, जात्याच्या घरघरीसारखा. त्या दिवशी घरघर मध्येच थांबली आणि नुसती थरथर ऐकू यायला लागली. मी सूप ओट्यावर ठेवलं, निवडायचा चष्मा काढला आणि मधल्या भिंतीवरून डोकावले.

शेड आमचीच आहे. अनंतरावांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, शाळेतून निवृत्त व्हायच्या आधी गाडीसाठी बांधून घेतली होती. गाडी काही आली नाही. पांढरी घ्यायची की लाल, यावर आमचं दोन वर्षं जमलं नाही, आणि मग ठरवायला माणूसच राहिलं नाही. ह्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. मुलगा केयूर बंगळूरला असतो. शेड अशीच रिकामी होती, कबुतरं राहायची. साडेतीन वर्षांपासून तिथं सिद्धोधनभाऊ गाड्यांना पॉलिश करतात आणि मागच्या खोलीत राहतात.

ते मूळचे झरी गावचे. वय पंचावन्नच्या पुढं. अंगानं काटक, बोलणं कमी. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. काम सुरू करायच्या आधी हातातलं घड्याळ आणि कमरेचा पट्टा काढून खुंटीला अडकवतात. बक्कल गाडीला घासू नये म्हणून. शेडच्या फळीवर बुद्धाची बोटभर उंचीची मूर्ती आहे, तिच्यापुढं रोज सकाळी एक मेणबत्ती लावतात. माझी पूजा आणि त्यांची मेणबत्ती साधारण एकाच वेळी होते. मी घंटी वाजवली की थोड्या वेळानं शेडचं शटर वर जातं. ठरवून नाही, पण तसं होत आलं आहे.

पंधराव्या वर्षी त्यांनी औरंगाबादला एका गॅरेजात गाड्या रंगवायला सुरुवात केली. पुढं पुण्याला गेले, तिथं हे पॉलिशचं मशीन पहिल्यांदा हातात आलं. "जुनं मशीन एका जागी गरगर फिरायचं," ते मला म्हणाले होते. "जरा हात चुकला की रंग जाळायचं. ह्याची चकती फिरती बी आणि डुलती बी. एका जागी उष्णता साठत न्हाई."

मी म्हटलं, "म्हणजे पृथ्वीसारखं. स्वतःभोवती पण फिरायचं आणि सूर्याभोवती पण."

आमचे हे भूगोल शिकवायचे, घरात चेंडू आणि लिंबू घेऊन दाखवायचे, त्यामुळं मला ते चटकन सुचलं. भाऊंना ते इतकं आवडलं की तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगतात, आणि शेवटी "हे सरांचं वाक्य हाय" असंही म्हणतात. ह्यांना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं त्यांनी.

आमची ओळख मात्र माझ्या चुकीनं झाली. ते आले त्यानंतरच्या चैत्रातली गोष्ट. राजेश्री मॅडम म्हणून आमच्या कॉलनीत प्राध्यापिका आहेत, त्यांची काळी गाडी भाऊंनी दोन दिवस खपून तयार केली होती. आरशात पाहावं तशी. भाऊ जेवायला मागं गेले होते. कडुलिंबाचा मोहोर गळत होता, वर जिंतूर रोडची धूळ. मला राहवलं नाही. एवढं छान काम केलंय बिचाऱ्यानं, म्हणून मी गेले आणि बॉनेट पदरानं पुसून काढलं. चांगलं निगुतीनं, गोल गोल.

भाऊ हात धुऊन आले. गाडीकडं बघितलं, खिशातली बॅटरी काढली आणि तिरपी धरली. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटल्या.

"ताई, हे कुणी पुसलं?"

"मी. पदरानं पुसलंय, मऊ आहे. जुनं सुती लुगडं."

"पदर मऊच हाय," ते म्हणाले. "पण धूळ मऊ न्हाई. तुमी मऊ कापडात रेती धरून फिरवली."

मला तोंड लपवावंसं वाटलं. लेकराचं तोंड पुसायचं, देवाचं ताट पुसायचं, ते सगळं पदरानं, आणि पदरानं कुणाचं नुकसान होईल हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. भाऊ रागावले नाहीत. पालथी बादली पुढं सरकवून म्हणाले, "बसा. काढून दाखवतो. बघितलं म्हंजे परत करणार न्हाई."

त्या दुपारी मी सगळं पाहिलं. आधी पाणी, धुणं, वाळवणं. मग रबराच्या आणि पत्र्याच्या कडांना कागदी टेप. कडेला रंग सगळ्यात पातळ असतो म्हणे. मग कोपऱ्यातला वीतभर तुकडा निवडून तिथंच परीक्षा. चकतीला सगळ्यात मऊ पॅड, त्यावर सगळ्यात सौम्य कंपाउंड, म्हणजे घासायचं मलम. "त्यानं भागलं तर पुढं जायचं न्हाई," ते म्हणाले. "पोटदुखीला कुणी आधीच आपरेशन करत न्हाई." पॅडवर हरभऱ्याएवढे चार थेंब. मशीन आधी पत्र्यावर टेकवायचं, मगच चालू करायचं, नाहीतर ते थेंब आपल्याच तोंडावर येतात. हळू वेगात सगळीकडं पसरवून घ्यायचं, मग वेग वाढवायचा. हात मात्र हळूच. आधी आडवं, मग उभं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. आम्ही अंगण सारवायचो तसंच. मग कपड्यानं टिपून घेऊन स्पिरिट मारायचं.

"ते कशाला? चमकतंय की आता," मी विचारलं.

"तेल चमकतंय. कंपाउंडातलं तेल ओरखड्यात बसतं आणि तो झाकून टाकतं. दोन वेळा गाडी धुतली की परत वर. झाकून दिलं तर गिऱ्हाइकाला काय सांगू?"

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. मला वाटायचं पॉलिश म्हणजे काहीतरी वर चढवायचं. ते म्हणाले, "चढवणं न्हाई ताई, काढणं हाय. वरचा पारदर्शक थर केसापेक्षा पातळ असतो. तो घासत घासत ओरखड्याच्या तळापर्यंत जायचं आणि तिथं थांबायचं. एका गाडीला जन्मात किती वेळा पॉलिश करता येतं, ते ठरलेलं असतं."

घरी येऊन मी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण हातात घेतला. सासूबाईंनी चाळीस वर्षं चिंच लावून रोज घासला, पुढं मी. नाक राहिलेलं नाही, डोळ्यांच्या जागी दोन खळगे. ती झीज मी त्याचं वय समजत होते. तेव्हापासून त्याला महिन्यातून एकदाच घासते, नुसत्या बोटानं.

आणि ती रेघ. मशीनच्या चकतीच्या कडेला भाऊंनी मार्करनं एक जाड काळी रेघ ओढलेली आहे. चकती फिरत असली की रेघ दिसत नाही. हातानं जास्त दाबलं की चकती फिरायची थांबते, नुसती डुलते, आणि रेघ डोळ्यांना दिसायला लागते. "रेघ दिसली की समजायचं, काम बंद हाय, नुसता आवाज चालू हाय," ते म्हणाले होते. "मशीनच्या वजनावर सोडायचं. हात फक्त वाट दाखवायला."

तर पौषातल्या त्या सकाळी मी भिंतीवरून डोकावले तेव्हा मला रेघ दिसली. स्वच्छ दिसली, घड्याळाच्या काट्यासारखी.

"भाऊ, रेघ दिसायलीय."

ते दचकले. हात सैल सोडला, आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. मी सुपाकडं वळणार तोच परत थरथर.

"दिसायलीय, भाऊ."

तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं आणि बादलीवर बसले. मी शेडमध्ये गेले. उजव्या हाताची तीन बोटं पेरांपर्यंत पांढरी पडली होती, भिजवलेल्या कणकेसारखी. त्या आठवड्यात थंडी लय होती, सकाळी पाण्यात हात घालवत नव्हता.

"थंडीनं झालं असेल," मी म्हटलं.

"दिवाळीपासून हाय हे. तवा कुठं थंडी होती?" ते म्हणाले. "मी किती दाबायलोय ते मलाच कळंना झालंय."

खिशातून त्यांनी एक पातळ प्लास्टिकची पिशवी काढली. "ताई, ह्यात हात घाला आणि बॉनेटवरून फिरवा. हळू."

उघड्या हाताला जे लागत नाही ते पिशवीतून लागतं, हे मला माहीत नव्हतं. धुतलेल्या, गुळगुळीत दिसणाऱ्या पत्र्यावर डाव्या दिव्याजवळ मला खरखर लागली. डाळीत बोट घातल्यावर खडा लागावा तशी. मी म्हटलं, "इथं आहे. आणि इथं, खाली." त्यांनी तिथं ओली मऊ क्ले घासली, रुतलेले कण ओढून घेणारा मातीसारखा गोळा. मी पुन्हा हात फिरवला. आता काही नव्हतं.

"गेलं का?"

"गेलं."

त्यांनी डोळे मिटले. "दोन महिने मी हे नुसत्या अंदाजानं करायलोय. एखाद्या गाडीचा रंग जाळला असता तर?"

मग ते म्हणाले, "बबिताला सांगू नका."

बबिता त्यांची बायको. लेक वैष्णवीच्या बाळंतपणाला दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेली, चार महिन्यांसाठी. वैष्णवीची नोकरी आहे, नात आजीला सोडत नाही, चार महिन्यांची दोन वर्षं झाली. दर रविवारी संध्याकाळी फोन येतो.

"कळलं तर उद्याच्या गाडीत बसवून नेतील मला," भाऊ म्हणाले. "चौथा मजला हाय. तिथं मी दिवसभर काय करू, लिफ्टची बटणं दाबू?"

मी शब्द दिला.

माघ आणि फाल्गुन मी त्यांची बोटं झाले. पूजा, नैवेद्य आटोपला की हातातल्या पाटल्या काढून देवापुढं ठेवायची आणि शेडमध्ये जायची. पाटल्या काढा असं ते कधी बोलले नाहीत, पण पहिल्या दिवशी मी त्या काढून आले तेव्हा त्यांनी खुंटीकडं बघितलं, जिथं त्यांचं घड्याळ लटकत होतं, आणि मान हलवली. पिशवीतून हात फिरवायचा, खडे सांगायचे. मशीन चालू झालं की रेघेवर नजर. "रेघ," म्हटलं की ते "हं," म्हणून हात सैल करायचे. थोड्या थोड्या वेळानं पत्र्याला हात लावून किती तापलं ते सांगायचं. दोघांत बोलणं एवढंच. पण त्या एवढ्या बोलण्यावर माझा दिवस जायचा.

समोरच्या कमलबाईंना राहवलं नाही. "काय हो, गॅरेज काढलं म्हणे तुम्ही. आम्हाला सांगितलं असतं तर नारळ फोडायला आलो असतो."

"पाटी लावू तेव्हा बोलावते," मी म्हटलं.

"आणि केयूरला माहीत आहे का, आई मेकॅनिक झाली ते?"

केयूरला माहीत नव्हतं. तो फोनवर "आई, जेवलीस का" विचारतो, मी "जेवले" म्हणते, मग त्याची मीटिंग असते. खरं लिहायचं तर ते दोन महिने मला बरे गेले. सकाळी उठायला कारण होतं. ह्यांच्यामागं सहा वर्षांत मी देवाजवळ बरंच काही मागितलं असेल, पण कुणाला माझी गरज पडावी हे मागायचं सुचलं नव्हतं. हे बरं वाटणं कुणाच्या आजारावर उभं आहे, ते मला कळत होतं. कळूनही मी दवाखान्याचा विषय एकदाच काढला. ते "बघू" म्हणाले, आणि मी पुन्हा काढला नाही.

फाल्गुनातल्या एका रविवारी बबिताचा फोन माझ्या मोबाइलवर आला. मी जप करत होते, माळ हातात होती.

"ताई, त्यांचा फोन लागंना. बरे हायत ना?"

"बरे आहेत. बाहेर गेले असतील."

"आवाज कसातरीच येतो त्यांचा. मला सांगत न्हाईत ते काही. तब्येत चांगली हाय ना? खरं सांगा."

"चांगली आहे," मी म्हटलं.

"तुमी हाव तिथं, म्हणून मला घोर न्हाई," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माळेत त्या वेळी माझं बोट कुठल्या मण्यावर होतं ते मला आठवेना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, तीही पूर्ण झाली नाही. मी रोज लिहिते त्या वहीत त्या दिवशी दोनच ओळी आहेत: आज खोटं बोलले. भाऊंना दिलेल्या शब्दासाठी की शेडमधल्या त्या आवाजासाठी, ते माहीत नाही.

काल, मंगळवारी दुपारी, मी भिंतीवरून त्यांना दह्याची वाटी दिली. त्यांनी उजवा हात पुढं केला आणि माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. तळव्याची करंगळीकडची कड भाजून फुगली होती, एका जागी फुटलेली, काळी.

"हे कशानं?"

त्यांनी हात उलटा करून बघितला, जणू दुसऱ्याचा हात. "तवा असंल."

"असेल म्हणजे?"

"कळलं न्हाई ताई." मग थोडं हसून म्हणाले, "सकाळी भाकरी करताना काहीतरी जळाल्याचा वास येत होता. मला वाटलं कमलबाईंचं दूध उतू गेलं."

मला हसू आलं नाही. हात पाण्याखाली धरायला लावला, मलम लावलं, स्वच्छ फडक्याची सैल पट्टी बांधली. बांधून होईपर्यंत मी ठरवलं होतं.

"भाऊ, मागं एका रविवारी मी बबिताशी खोटं बोलले. पुन्हा फोन आला तर खरं सांगीन."

"शब्द दिला होता तुमी."

"दिला होता, आता मोडते. माझ्या देवाला काय सांगायचं ते मी बघते. तुम्ही तुमच्या बायकोला सांगा."

ते बादलीवर बसले. समोर राजेश्री मॅडमची तीच काळी गाडी होती, तीन वर्षांनी दुसऱ्यांदा आलेली. डावं दार राहिलं होतं.

"मशीन बंद झालं तर सकाळी उठून काय करायचं," ते म्हणाले, "ते मला येत न्हाई ताई."

यावर धीराचं काही बोलावं असं मनात आलं, पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "मला पण येत नव्हतं. अजून नीट येत नाही."

त्यांनी फोन लावला. हातात धरवेना म्हणून फळीवर, मूर्तीशेजारी ठेवला, स्पीकर चालू करून. मी उठायला लागले तर त्यांनी डाव्या हातानं बसा म्हणून खूण केली. त्यांनी सगळं सांगितलं. दिवाळीपासूनचं, बोटांचं, तव्याचं. पलीकडून फक्त नातीचा आवाज येत होता.

"कवापासून म्हणलात?" बबितानं विचारलं.

"दिवाळी."

"आणि मला आज?"

त्यांनी पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं.

"ताई हायत तिथं?"

"हायत."

ती माझ्याशी बोलली नाही. भाऊंनाच म्हणाली, "आधी डाक्टरला दाखवा. काय म्हणतात ते कळू द्या. मग तुमी इकडं यायचं का कसं, ते बघू. मी निघाले असते, पण पोरगी कुणापाशी ठेवू?"

"दाखवतो."

"ताईंना म्हणावं, पट्टी रोज बदला." आणि फोन बंद झाला.

भाऊ म्हणाले, "रागावलीय. तुमच्याशी बोलली न्हाई."

"नाही बोलली," मी म्हटलं. तिचं चुकलं नव्हतं.

आज सकाळी त्यांनी डावं दार डाव्या हातानं केलं, उजव्या हाताची पट्टी पोटाशी धरून. एरवी अर्ध्या तासाचं काम, दोन तास लागले. मी पाटल्या काढून गेले होते. पिशवीतून हात फिरवला, दोन खडे सापडले. मशीन चालू झालं. डाव्या हाताला सवय नाही, पण त्या हाताला अजून कळतं. दोन तासांत मी फक्त तीनदा "रेघ" म्हटलं. शेवटी त्यांनी स्पिरिट मारलं, टिपलं, बॅटरी तिरपी धरली. गाडीच्या दारात आम्ही दोघं दिसत होतो, मी खुर्चीवर, ते उभे. एकही जाळं नव्हतं.

"ह्यानंतर हिला एकदाच," ते म्हणाले. "फार तर. मग थर संपला."

डॉक्टर काय म्हणतील ते मला माहीत नाही. मशीन बंद ठेवा म्हणाले तर भाऊ पुण्याला जातील आणि शेडमध्ये कबुतरं परत येतील. आज देवाजवळ बसले तेव्हा मागायचं काय, तेच ठरेना. त्यांचा हात बरा व्हावा एवढंच म्हटलं. पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं, ते बोलले नाही.

उद्या दहाला राजेश्री मॅडम गाडी न्यायला येणार, तोवर भाऊंना शेड सोडता येणार नाही, आणि दवाखान्यातली रांग सकाळीच लागते. म्हणून उद्या, गुरुवारी, पूजा लवकर उरकून आठ वाजता मीच सरकारी दवाखान्यात जायचं आणि सिद्धोधनभाऊंच्या नावाचा केसपेपर काढायचा.